क्वार्टरबॅकच्या डाव्या हाताचा माणूस

लाउडस्पीकरवरून लेनी वोशिकचा नंबर ऐकू आला, की त्याची आई हेलन घरी टीव्हीसमोर कपाळाला हात लावायची. "काढला बाई माझ्या पोराचा नंबर! काय केलं त्यानं आता?"

तिचंही बरोबर होतं. अमेरिकन फुटबॉलच्या संघात लेनी होता गार्ड, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या पुढे, डाव्या हाताला उभा राहणारा. चेंडू त्याच्या हातात कधी यायचा नाही, गुण त्याच्या नावावर कधी चढायचे नाहीत. क्वार्टरबॅक चेंडू घेऊन मागे सरला, की समोरून मुसंडी मारत येणाऱ्या दांडग्या गड्यांना छातीवर झेलायचं आणि त्याला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंदांची उसंत मिळवून द्यायची, एवढंच त्याचं काम. काम चोख झालं तर टाळ्या फेकणाऱ्याला. पण झटापटीत कुणाचा सदरा मुठीत आला, तर पंच पिवळं फडकं टाकणार आणि अख्ख्या लेकपोर्ट गावाला ऐकू जाईल असं सांगणार, चौसष्ट नंबर, धरून ठेवल्याबद्दल दहा यार्ड मागे. दहा वर्षांत गावाने लेनीचं नाव ऐकलं ते बहुतेक असंच.

त्याला त्याचं काही वाटत नसे. ईरी सरोवराच्या काठावर पोलादाच्या कारखान्यामागच्या स्लोव्हाक वस्तीत तो वाढला. बाप एमिल आयुष्यभर भट्टीवर राबला. पोरगा लहानपणापासूनच असा अवाढव्य, की शाळेच्या संघाकडे त्याच्या मापाचे बूट निघेनात. एमिलने आपले कारखान्यातले जुने बूट कापून, तळाला खिळे ठोकून त्याला दिले. कॉलेजात लेनी खेळला, पण निवडीच्या दिवशी एकाही व्यावसायिक संघाने त्याचं नाव घेतलं नाही. तो किराणा मालाच्या गोदामात पोती उचलायला लागला. पुढच्या उन्हाळ्यात गावच्या संघाने, म्हणजे हॅमर्सने, कुणीही या आणि जोर दाखवा अशी खुली चाचणी ठेवली. गोदामातून अर्ध्या दिवसाची रजा काढून लेनी गेला, तो परत गोदामात आलाच नाही.

त्याचं लग्न झालं डॉटीशी. डॉटी शाळेची बस चालवायची. मागच्या बाकावर कोण कुणाला चिमटा काढतंय ते तिला आरशात न बघता कळायचं, आणि तिने एक हाक मारली की सगळी बस गप्प व्हायची. लेनीचं मानधन बरं होतं, बस चालवायची तिला गरज नव्हती. पण ती म्हणायची, "तुझे गुडघे कधी दगा देतील सांगता येत नाही. बसचे टायर तरी बदलता येतात."

रेमी थिबोडो क्वार्टरबॅक म्हणून संघात आला तेव्हा लेनी मुरलेला गडी होता. रेमी दक्षिणेकडचा, लुइझियानातल्या दलदलीच्या मुलखातला, काटकुळा आणि अखंड बडबड्या. थंडी पडली की तो तीन टोप्या एकावर एक घालायचा. पण त्याच्या हातून चेंडू सुटला की बघत राहावं. आपण उभे राहतो ते पुढच्या पाच जणांच्या जिवावर, हे त्याला पहिल्याच वर्षी उमगलं होतं. दर गुरुवारी तो आपल्यापुढे उभ्या राहणाऱ्या पाचही जणांना घरी जेवायला बोलवायचा आणि झिंगे-सॉसेज घातलेलं दाट, तिखट कालवण भाताबरोबर वाढायचा. त्याला ते गंबो म्हणत. पहिल्या वेळी लेनीच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"आईची आठवण आली का रे?" रेमीने विचारलं.

"नाही. जीभ गेली," लेनी म्हणाला, आणि त्याने तिसऱ्यांदा ताट पुढे केलं.

सहा हंगाम अशी गुरुवारची जेवणं झाली. रेमीला लेनीच्या दोन्ही मुलींची नावं पाठ होती, त्यांच्या शाळेतल्या भांडणांसकट. संघ चढत चढत गेला. सहाव्या हिवाळ्यात तर तो अजिंक्यपदाच्या दारात जाऊन परत आला, आणि अख्खं गाव वेडं झालं. रेमीचा करार संपत आला होता. तो दुसरीकडे गेला तर लेकपोर्टात काय उरणार? कारखान्याची अर्धी धुराडी आधीच थंड पडली होती. शेवटी फेब्रुवारीत बातमी आली. रेमी राहणार, आणि लीगमध्ये आजवर कुणाला मिळाला नाही एवढा मोठा करार घेऊन राहणार. चर्चच्या घंटा तेवढ्या वाजायच्या राहिल्या. लेनी आणि डॉटी रेमीच्या घरी जाऊन शॅम्पेन पिऊन आली. येताना गाडीत डॉटी म्हणाली, "एवढे पैसे एका माणसाला! नाकापेक्षा मोती जड होणार बघ."

"रेमी आहे तो. त्याला मिळायलाच हवेत," लेनी म्हणाला, आणि ते त्याला मनापासून वाटत होतं.

मार्चमध्ये हॉलिस पार्मलीने त्याला बोलावणं धाडलं. संघात कुणाला घ्यायचं, कुणाला किती द्यायचं हे पार्मली ठरवायचा. माणूस वाईट नव्हता. दुसऱ्याला दुखवायची वेळ आली की टेबलावरच्या वस्तू सरळ करत बसायचा. त्या दिवशी त्याने पेन सरळ केलं, मग पाण्याचा पेला, मग परत पेन.

"रेमीच्या कराराचं तुला माहीतच आहे."

"माहीत आहे. साजरा केला आम्ही."

"मग मी कशाला बोलावलं तेही कळलं असेल."

"नाही कळलं."

पार्मलीने पेन सोडलं. "लेनी, लीगने सगळ्या संघांना सारखीच घोंगडी दिली आहे. वर्षाला खेळाडूंवर इतकेच पैसे, वर एक डॉलर नाही. आता डोक्यावर घोंगडी ओढली, तर..."

"तर पाय उघडे पडणार. आणि पाय म्हणजे मी."

"तू आणि टक." टक म्हणजे टकर बोमन, लेनीच्या शेजारी मधोमध उभा राहून रेमीच्या हातात चेंडू देणारा. "तुमच्या जागी नवी पोरं तुमच्या एक चतुर्थांश पैशांत मिळतात. पण मला तुम्ही हवे आहात. निम्म्यात राहा. तू तर गावचाच माणूस."

लेनी म्हणाला, "गावचा म्हणून निम्मा? परगावचा असतो तर पुरा दिला असतात?"

पार्मलीने पेला सरळ केला.

घरी डॉटी बटाटे सोलत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने सुरी खाली ठेवली. "निम्मा ना? मग सांग त्यांना, चारातले दोन डाव मी अडवीन. बाकीच्या दोन डावांना रेमीने देवाचं नाव घ्यावं."

रविवारी एमिल जेवायला आला. त्यालाही सांगितलं. म्हातारा चावता चावता थांबला. "भट्टीच्या वर क्रेन चालवणाऱ्याला माझ्या दुप्पट पगार होता. मी कधी तोंड वाकडं केलं नाही. त्याचं कसब तेवढं होतं. पण त्याचा पगार वाढवायला कुणी भट्टीजवळची माणसं कमी केली नव्हती. केली असती तर पहिला भाजला असता तो क्रेनवालाच."

"पॉप, मी 'नाही' म्हणून आलोय. टकनेही नाहीच म्हटलं."

"मग बरं केलंस. ती कोबी इकडे दे."

नाही म्हणणं सोपं होतं, पुढचं जड गेलं. लेनी तेहतिशीत होता आणि गुडघ्यांवर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती. बोलावणं आलं ते एकाच संघाकडून, दूर वाळवंटातल्या. मुलींची शाळा, आईचं दुखणारं कंबरडं आणि डॉटीची बस एवढं सगळं उचलून वाळवंटात न्यायचं त्याच्या जिवावर आलं. तो डॉटीच्या भावाच्या, रूडीच्या, हाताखाली घरं गरम ठेवणाऱ्या शेगड्या दुरुस्त करायला लागला. रूडी खूश झाला. तळघरातली जुनी लोखंडी शेगडी जिन्यावरून वर आणायला पूर्वी तीन माणसं लागायची. लेनी एकटाच आणायचा.

रेमीचा फोन आला होता. दोघंही फार बोलले नाहीत. "मला माहीत नव्हतं, लेन," रेमी म्हणाला. लेनीला ते खरं वाटलं, पण पुरतं खरं वाटलं नाही.

हंगाम सुरू झाला आणि पार्मलीचं गणित मैदानावर उताणं पडलं. खरं म्हणजे उताणा पडला तो रेमी. लेनीच्या जागी कॉलेजातून नुकतंच आलेलं एक पोर उभं होतं. अंगाने भक्कम, पण समोरचा गडी डावीकडे बघून उजवीकडे वळला की ते डावीकडेच जायचं. रेमी चेंडू घेऊन मागे सरायचा, डोळे वर करायचा, आणि कुणी ना कुणी त्याच्या छातीवर बसलेलं असायचं. हॅमर्स हरत गेले. गाव आधी हळहळलं, मग चिडलं, मग हिशेब करायला लागलं. रेमीच्या एकेका पडण्याला किती डॉलर पडतात हे दुकानदार गिऱ्हाइकाला सांगायला लागले.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी भर दुपारी कोवालिकबाईंची शेगडी विझली. बाई नव्वदीच्या, एकट्या राहणाऱ्या. रूडी गावाला गेलेला, म्हणून लेनी गेला. बाईंनी दार उघडलं आणि मान वर करत करत त्याला पाहून घेतलं.

"अगं बाई! केवढा रे तू! वाकून ये, दिवा फुटेल." त्या परत टीव्हीकडे वळल्या. "शेगडी खाली आहे. मला हाका मारू नकोस, मॅच चालू आहे."

लेनी तळघरात उतरला. शेगडीची नळी काजळीने तुंबली होती. ती साफ करता करता त्याला डोक्यावरच्या फळ्यांतून सगळं ऐकू येत होतं. गर्दीचा गलका चढायचा, मग एकदम पडायचा, आणि पाठोपाठ कोवालिकबाईंची काठी जमिनीवर आपटायची. "पाडला! परत पाडला माझ्या राजाला! अरे, त्या डाव्या हाताला कुणी आहे की नाही? की दार सताड उघडंच टाकलंय?"

लेनीचा ब्रश थांबला. तो तिथेच पायरीवर बसला. काठी परत आपटली. रागवावं की हसावं ते त्याला कळेना. मार्चपासून मनात एक बारीकसा कोपरा होता, तो म्हणायचा, बघा आता, कळू दे यांना. आता कळत होतं, आणि त्याला त्याचं काडीचं सुख होत नव्हतं. वर टीव्हीवर जो पडत होता, त्या रेमीला लेनीच्या धाकटीचं वाढदिवसाचं गाणं पाठ होतं.

हात पुसून तो वर आला. बाईंनी त्याच्यासाठी अक्रोडाच्या रोटाचा जाड तुकडा बशीत काढून ठेवला होता.

"तू एवढा धिप्पाड, फुटबॉल खेळायला हवा होतास."

"खेळायचो थोडाफार."

"शाळेत?"

"शाळेतही."

"गेल्या वर्षापर्यंत तिथे एक होता बघ," बाई पडद्याकडे काठी करून म्हणाल्या. "चौसष्ट नंबरचा. सारखे लोकांचे सदरे धरायचा मेला. पण माझं पोर उभं असायचं हो त्याच्यामागे. कुठे गेला कोण जाणे."

लेनीच्या तोंडात रोट होता. तो गिळून तो म्हणाला, "पोटापाण्याच्या मागे लागला असेल."

"लागेल नाहीतर काय! एकाच्याच ताटात सगळं वाढलं, की बाकीचे दुसऱ्या दारी जाणारच."

आपण कोण ते त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्या 'मेला' शब्दापायी म्हातारी बिचारी ओशाळली असती. शेगडी पेटल्याची खात्री करून तो निघाला.

त्या शुक्रवारी सेंट सिरिल चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांचं जेवण होतं. अर्धं गाव लांबलचक टेबलांवर दाटीवाटीने बसलेलं. चिक बार्नाक या न्हाव्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढला होता. "आळशी झालाय तो! एवढे पैसे घेतल्यावर कोण धावेल? चोर आहे थिबोडो, चोर!"

"खरंय!" चारपाच जणांनी टेबलं बडवली. "लेनीच्या ताटातलं ओढून घेतलं त्यानं!"

लेनी उठला. तो उठला की आपोआप शांतता व्हायची. "चिक, उद्या तुझ्या दुकानात कुणी आलं आणि म्हणालं, एका हजामतीचे हजार डॉलर घे, तर तू काय म्हणशील? नको, शेजारच्या खुर्चीवरच्या कारागिराला वाटून द्या?"

"शेजारच्या खुर्चीवर माझा पुतण्या आहे," चिक म्हणाला. "त्याला तर मुळीच नाही."

हॉल हसला. लेनीही हसला, पण बसला नाही. "त्याला देऊ केले, त्याने घेतले. तुमच्यातल्या प्रत्येकाने घेतले असते. मीही घेतले असते. आणि तो आळशी नाही. आळशी माणूस दर वेळी परत उठत नाही. त्याला शिव्या द्यायच्या असतील तर माझं नाव मधे घेऊ नका. मी माझ्या पायाने बाहेर पडलोय."

पलीकडच्या टोकाला एमिल बसला होता. "झालं भाषण? आता खाली बस, मागच्यांना मासे दिसत नाहीत," तो ओरडला. पण त्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं, आणि ते ढोसणं लेनीला दिसलं.

गाव लहान, तोंडं फार. सोमवारी संध्याकाळी दाराची घंटा वाजली. डॉटीने उघडलं तर दारात रेमी, डोक्यावर दोन टोप्या आणि हातात भलं मोठं पातेलं. बरगड्या आवळून बांधलेल्या, त्यामुळे तो मधमाशी चावल्यासारखा तिरका उभा होता.

"ये," डॉटी म्हणाली. "बूट काढ. कितीही महागाचे असले तरी काढ."

"वाकता येत नाही, डॉटी."

तिने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि खाली बसून स्वतःच त्याच्या बुटांच्या नाड्या सोडल्या. "पातेलं शेगडीवर ठेव. लेनी! तुझा मोती आलाय."

स्वयंपाकघरात दोघं समोरासमोर बसले. गंबोचा वास घरभर पसरला.

"लेन, मला आकाशाचा कंटाळा आलाय," रेमी म्हणाला. "उताणं पडल्यावर दुसरं दिसतं काय? लेकपोर्टचं आकाशही असं राखाडी, एक पक्षीसुद्धा नाही."

लेनी हसला नाही. रेमीने घसा साफ केला. "आज पार्मलीकडे जाऊन आलो. म्हटलं, माझे या वर्षीचे उरलेले पैसे पुढच्या वर्षांवर ढकला. जागा होईल त्यात लेनीला आणि टकला परत घ्या. तो तयार आहे." मग तो घाईघाईने म्हणाला, "ढकलतोय हं, सोडत नाहीये. माझी आई म्हणते, उगाच दानशूरपणाचा आव आणू नकोस, तुला शोभत नाही."

"बरं झालं सांगितलंस," डॉटी ओट्यापाशी उभी होती. "दान असतं तर पातेल्यासकट परत पाठवलं असतं."

लेनीने टेबलावर दोन्ही हात ठेवले. "मार्चमध्ये हे का नाही सुचलं तुला?"

बडबड्या रेमी पातेल्याकडे बघायला लागला. पातेल्याचं झाकण थडथडत होतं.

"सुचलं होतं," तो शेवटी म्हणाला. "एकदा सुचलं होतं. वकील म्हणाला, सगळे घेतात, तूही घे. आणि मला घ्यायचंच होतं, लेन. आम्ही सात जण एका खोलीत वाढलो. पाणी चढलं की टेबलावर झोपायचो. मला वाटलं, लेनी नसला तरी तिथे कुणीतरी उभा असेलच. उभा होता. पण कुणीतरीच होता."

लेनी उठला, कपाटातून तीन ताटल्या काढल्या आणि टेबलावर मांडल्या. एवढ्यावर काय ते मिटलं. फक्त जेवताना त्याने विचारलं, "टकला सांगितलंस?"

"टक म्हणाला, लेनी आला तर येतो."

"तो कायम असाच. कॉलरासुद्धा आधी मला झाला तरच तो करून घेईल."

पार्मलीशी बोलायचं काम डॉटीने आपणहून अंगावर घेतलं. दुसऱ्या दिवशी बस जागेवर लावून आल्या आल्या तिने फोन फिरवला. लेनी आणि एमिल शेजारी बसून ऐकत होते.

"मिसेस वोशिक, अर्धा हंगाम गेला, आता उरलेल्या सामन्यांचेच पैसे..."

"उरलेल्यांचेच द्या हो. पण मार्चच्या आधीच्या दराने, पुऱ्या. ज्याची निम्मी किंमत करून बघितलीत, त्याची खरी किंमत तुम्हाला आता मैदानावर दिसतेच आहे."

पलीकडे बहुधा पेन सरळ केलं गेलं. "बाई, माझं गणित चुकलं नव्हतं. खरंच सांगतो. असा क्वार्टरबॅक सोडला असता तर गावाने मला सरोवरात ढकललं असतं. फक्त... जमलं नाही."

"होतं असं," डॉटी जरा मऊ आवाजात म्हणाली. "मीठ मोजूनमापून घालतो माणूस, आणि मटणच घालायचं राहून जातं. पुरा दर ना?"

"पुरा."

एमिलने लेनीच्या पाठीत एक धपका घातला. "तुझ्याऐवजी हिलाच गार्ड करायला हवं होतं."

परत जाणं काही वाजतगाजत झालं नाही. सहा महिने शेगड्या उचलून ताकद टिकली होती, पण दम गेला होता. पहिल्याच दिवशी सरावात लेनी कुंपणापाशी जाऊन ओकला. टक शेजारी ओकत होता. ज्या पोराच्या जागी लेनी आला, ते पोर मात्र आनंदाने त्याच्या गळ्यातच पडलं. त्याला बिचाऱ्याला गावात कुणी सरळ तोंडाने कॉफीसुद्धा देईना झालं होतं. लेनीने त्याला रोज सराव संपल्यावर थांबवून समोरच्याच्या डोळ्यांकडे नाही, कंबरेकडे बघायचं शिकवलं.

पहिल्या सामन्याच्या पहिल्याच डावात लेनीने समोरच्याचा सदरा गच्च धरला. पिवळं फडकं पडलं. चौसष्ट नंबर, दहा यार्ड मागे. एरवी असल्या वेळी शिव्या घालणारं मैदान उभं राहून टाळ्या वाजवायला लागलं. पंचाला वाटलं, आपलंच काहीतरी चुकलं. घरी हेलनने सवयीने कपाळाला हात लावला, आणि तिला एकाच वेळी हसू आणि रडू आलं. पण त्या दिवशी रेमीला मैदानाची माती लागली नाही. एकदा तर तो चेंडू हातात घेऊन इतका वेळ निवांत उभा राहिला, की टक नंतर म्हणाला, याने मधे एक झोप काढली असावी.

त्यानंतर हॅमर्स जिंकत गेले. सगळे सामने नाही, पण पुरतील इतके. साखळीतला शेवटचा सामना दाट बर्फात झाला, आणि तो जिंकून संघ बाद फेरीत गेला. त्या दिवशी गावात चिकने फुकट हजामती केल्या, आणि त्यातल्या बऱ्याच वाकड्या झाल्या.

आणि बाद फेरीत काय झालं? दक्षिणेकडच्या एका छत घातलेल्या मैदानावर सामना होता. वारा नाही, बर्फ नाही. शेवटची मिनिटं, हॅमर्स थोड्याच गुणांनी मागे. लेनीने आपला गडी असा अडवला होता, की तो नुसता हात हलवत उभा होता. बाकी चौघांनीही तसंच. रेमीपाशी कुणी म्हणजे कुणी नव्हतं. त्याच्याकडे हवा तेवढा वेळ होता. आणि त्याने चेंडू फेकला तो थेट समोरच्या संघातल्या माणसाच्या पोटात. चेंडू त्यांचा झाला आणि सामनाही गेला.

ड्रेसिंगरूममध्ये रेमी टॉवेलात तोंड घालून बसला. मग लेनी म्हणाला, "काय रे, फार वेळ दिला का आम्ही?"

रेमीने टॉवेलातून तोंड वर काढलं. "सवय नाही राहिली, लेन. कुणी अंगावर येईना, तर मी बावचळलो." आधी टक हसला, मग सगळेच.

गावात लगेच वाद पेटला. चिक म्हणाला, आम्ही म्हणतच होतो, एवढा पैसा कुणा एकावर लावूच नये. दुसरे म्हणाले, तो नसता तर बाद फेरीपर्यंत तरी कोण पोहोचलं असतं? पुढच्या वर्षी पार्मलीने रेमीपुढची माणसं धरून ठेवली, तर मागे बचाव करणारे दोघे निघून गेले, आणि हॅमर्स भरपूर गुण करायचे आणि त्याहून जास्त द्यायचे. घोंगडी तेवढीच राहिली. लेनीला कुणी विचारलं, की पैसा कुणाला द्यावा, तर तो म्हणायचा, "माझ्या मते गार्डला. पण मला विचारू नका, मी गार्ड आहे."

आणखी एक हंगाम खेळून त्याने बूट खुंटीला टांगले. रूडीच्या धंद्यात निम्मी भागी घेतली. डॉटीने बस सोडली नाही ती नाहीच.

त्या उन्हाळ्यात रेमीने पाचही जणांना बायकापोरांसकट आपल्या गावी नेलं. त्याची आई, क्लोटील्ड, टोपल्याच्या टोपल्या लाल तिखट शेवंडीसारखे लहानसे जीव उकडून टेबलावर ओतायची आणि कुणी हात आखडता घेतला तर आजारी आहेस का म्हणून विचारायची. दुसऱ्या दिवशी सकाळी मासेमारीचा बेत ठरला. रेमीचा चुलतभाऊ नाव घेऊन धक्क्याला आला, त्याने रांगेत उभ्या असलेल्या त्या पाच जणांकडे पाहिलं, मग आपल्या नावेकडे पाहिलं, आणि शेजाऱ्यांच्या आणखी दोन नावा मागायला गेला. परत येऊन म्हणाला, "एका नावेत दोघं. मधोमध बसायचं. आणि हसायचं नाही."

हसायचं नाही म्हटल्यावर टकला हसू आवरेना. नाव आधी एका अंगाला गेली, मग दुसऱ्या, आणि मग मुकाट्याने खाली बसली. लेनी आणि टक कमरेइतक्या हिरव्या पाण्यात उभे, डोक्यावर टोप्या, हातात गळाच्या काठ्या. धक्क्यावर मुली टाळ्या पिटत होत्या. डॉटीने बसवाल्या आवाजात हुकूम सोडला, "ढकलाढकली नाही! एकेकाने बाहेर या, ओळीने!" दोघंही चिखलातून खरोखरच ओळीने निघाले. वरून क्लोटील्डची हाक आली, की सगळं गार होतंय, आधी जेवून घ्या, मग काय बुडायचं ते बुडा.